नळदुर्गचा रफार : देवनागरी आणि मुक्त स्रोत ग्राफिक्स लायब्रऱ्या

धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) जिल्ह्यातील 'नळदुर्ग' हे नाव संगणकाच्या पडद्यावर उमटविणे वरवर वाटते तितके सरळ नाही. युनिकोडच्या क्रमात 'र्' हा 'ग'च्या आधी साठविला जातो. पडद्यावर मात्र तो रफार होऊन 'ग'च्या माथ्यावर बसावा लागतो. 'धाराशिव' या नावात उलट घडते : वेलांटी साठविली जाते 'श'नंतर आणि दिसावी लागते त्याच्या आधी. ही अक्षरजुळणीची विद्या कोठे वसते, यावरूनच देवनागरीच्या संगणकीय इतिहासाचे टप्पे पाडणे इष्ट होय.

प्रारंभी ती यंत्रात होती. आयआयटी कानपूर येथे उगम पावलेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) वाढविलेल्या जिस्ट तंत्रासाठी संगणकात स्वतंत्र कार्ड बसवावे लागे. पुढे ती फाँटमध्ये शिरली. अनेक व्यावसायिक फाँटांत रफार, वेलांटी, अर्धी अक्षरे यांना त्या त्या फाँटाचेच खाजगी क्रमांक असत. फाँट बदलला की मजकुराचा अर्थहीन चिन्हांचा ढीग होई. हे पारतंत्र्य कार्डाच्या पारतंत्र्याहून घातक म्हटले पाहिजे; कारण १९९१ साली भारतीय मानक ठरलेल्या इस्की संकेतावलीतील मजकूर कार्डावाचूनही उलगडता येण्याजोगा होता.

तिसऱ्या टप्प्यात ही विद्या सामायिक लायब्ररीत आली. डेव्हिड टर्नर यांनी १९९६ मध्ये आरंभिलेली फ्रीटाइप सुट्या अक्षराची आकृती रेखाटी. क्रम लावण्याचे काम ओवेन टेलर व राफ लेव्हियन यांच्या पँगोने अंगावर घेतले, आणि २००२ च्या जीटीके २.० बरोबर ती सर्वत्र पोहोचली. पँगो आणि क्यूटी यांत एकाच मूळ संहितेच्या दोन वेगळ्या प्रती वाढत होत्या. त्यांच्या एकत्रीकरणातून २००६ मध्ये हार्फबझ निर्माण झाली. तिचे पुनर्लेखन इराणी वंशाच्या बेहदाद इस्फहबोद यांनी केले, आणि नावही फारसीच आहे. आज अँड्रॉइड, फायरफॉक्स व लिब्रेऑफिस यांत तीच लायब्ररी 'नळदुर्ग'चा रफार जागी बसविते.

तथापि मराठीची एक निकड हिंदीला नाही. बालाघाटातील 'दऱ्या' लिहिताना 'ऱ्य' हवा, रफार नव्हे. युनिकोडने त्यासाठी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर दिले, पण 'र्'नंतर अदृश्य जोडचिन्ह घालण्याची जुनी रीतही चालू ठेवली. लायब्ररी दोन्ही रूपे सारखीच रेखाटते. शोध घेणाऱ्या आज्ञावलीला मात्र, खास तजवीज नसेल तर, ते दोन भिन्न शब्द ठरतात, आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर असलेली 'दऱ्या' तिला सापडत नाही.