किल्ली कुणाच्या कमरेला?

फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात ‘सागर सम्राट’ला तेल लागलं. तेव्हा परवाना देणारं सरकार, तेल काढणारी ओएनजीसीही सरकारचीच. विद्यार्थीच परीक्षक! १९९३ साली हायड्रोकार्बन महासंचालनालय आलं, पण तेही मंत्रालयाच्याच हाताखाली.

२००६ च्या कायद्याने मात्र वेगळं नियामक मंडळ आलं. कोणत्या जिल्ह्यात पाइपचा गॅस कुणी पुरवायचा, हे ते ठरवतं. कराला त्याने हात लावायचा नाही! परवान्याचा अधिकार सुटला, तिजोरीची किल्ली मात्र सरकारांच्याच कमरेला. २०१७ च्या जीएसटीतूनही पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू बाहेरच ठेवले. म्हणून आमच्या जालन्यातल्या पंपावर प्रत्येक लिटरमागे दिल्लीचं उत्पादन शुल्क आणि मुंबईचा व्हॅट, दोन्ही भरावे लागतात.