कात्री, गोंद आणि हजार तबकड्या

पंक संगीताविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यातही गाण्यांपेक्षा कपडे, केस आणि संताप यांवर जास्त. तबकडी ज्या कागदी पाकिटात घालून विकली गेली, त्या पाकिटाकडे संग्राहक सोडले तर फारसं कुणी वळत नाही आणि वळलंच तर वरचं चित्र पाहतं. ते पाकीट कुणी कापलं, कुणी चिकटवलं, हा प्रश्न मला चित्रापेक्षा मोलाचा वाटतो. रेकॉर्ड कंपनीच्या मदतीवाचून तबकडी काढता येते का, याचं उत्तर बऱ्याच अंशी त्या घडीत होतं.

उत्तराची सुरुवात इंग्लंडात झाली. १९७७च्या जानेवारीत मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’नं सुमारे ५०० पौंड उसने घेऊन ‘स्पायरल स्क्रॅच’ ही सात इंची तबकडी स्वतःच काढली. मुखपृष्ठावर शहरातच घेतलेला एक पोलरॉइड फोटो होता. १,००० प्रती पाठच्या खर्चापुरत्या तरी खपतील की नाही, याची धास्ती होती. पुढे सुमारे १६,००० खपल्या. त्याच वर्षी ‘डेस्परेट बायसिकल्स’नं आपल्या पहिल्या तबकडीला १५३ पौंड खर्च आल्याचं दुसरीच्या पाकिटावर जाहीर करून टाकलं. १९७८ साली लंडनच्या ‘स्क्रिटी पोलिटी’नं तर झेरॉक्स केलेल्या पाकिटावर स्टुडिओपासून लेबलांच्या छपाईपर्यंतचा हिशेबच मांडला. किराणा दुकानाच्या वहीचं पान फाडून गिऱ्हाइकाच्या हाती द्यावं, तसा हा प्रकार. ज्या धंद्यात खर्चाचे आकडे कधी बाहेर येत नसत, तिथे याचा धक्का मोठा होता.

या इंग्रजी तबकड्या अटलांटिक ओलांडून अमेरिकेतल्या मोजक्या दुकानांत पोचत. वॉशिंग्टनजवळ रॉकव्हिल इथलं स्किप ग्रॉफ यांचं ‘यस्टरडे अँड टुडे’ हे त्यांपैकी एक. तिथे घुटमळणाऱ्या पोरांत ‘टीन आयडल्स’ या शाळकरी वयाच्या बँडमधली मुलं होती. त्यांचं संगीत म्हणजे पुढे ज्याला ‘हार्डकोर’ म्हटलं गेलं ते: पंकपेक्षाही वेगवान आणि मिनिटा-दीड मिनिटात संपणारं. वर्षभर कार्यक्रम करून त्यांनी सुमारे ६०० डॉलर साठवले आणि १९८०च्या नोव्हेंबरमध्ये बँड मोडला. पैसे वाटून घ्यायचे की आर्लिंग्टनमधल्या डॉन झिएन्टारा यांच्या घरगुती स्टुडिओत आधीच मुद्रित केलेली गाणी तबकडीवर आणायची, असा पेच होता. तबकडी काढायचं ठरलं. इयन मॅकाय, जेफ नेल्सन आणि नेथन स्ट्रेजेक यांनी त्यासाठी ‘डिस्कॉर्ड’ हे लेबल काढलं. म्हणजे बँड संपल्यावर त्याची पहिली तबकडी आली! १९८० सरून १९८१ उजाडता उजाडता ‘मायनर डिस्टर्बन्स’च्या १,००० प्रती तयार झाल्या.

पाकिटांचं काय? अमेरिकेत सात इंची तबकड्या बहुधा साध्या कागदी खोळीत मिळत. छापील पाकिटाची रीत इंग्लंडात रुळलेली. मग या पोरांनी एका इंग्रजी तबकडीचं पाकीट सांधे सोडवून सपाट उलगडलं, त्याची बाह्यरेषा मोठ्या कागदावर गिरवली आणि तोच साचा धरून आपलं पाकीट छापून घेतलं. छापखान्यातून आले ते सपाट कागद. ते कात्रीनं कापायचे, घड्या घालायच्या, कडांना गोंद लावायचा, हे सगळं हातानं. एका पाकिटाला दोन मिनिटं धरली तरी हजारांना तेहेतीस तास होतात. पैसा नव्हता, तास मात्र होते. मित्र बोलावले की तेही वाटून घेता येत. लेबलच्या सुरुवातीच्या तबकड्यांची हजारो पाकिटं अशीच बनली.

त्या पहिल्या पाकिटावरचं चित्रही सांगितलं पाहिजे. एकमेकींवर आडव्या धरलेल्या दोन मुठी, प्रत्येकीवर काळी फुली. १९८०च्या कॅलिफोर्निया दौऱ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘मबुहे गार्डन्स’मध्ये अल्पवयीनांना दारू दिली जाऊ नये म्हणून हातावर फुली मारून आत सोडलं होतं. ती युक्ती मुलांनी वॉशिंग्टनच्या क्लबमालकांसमोर ठेवली: आम्हाला गाणी ऐकू द्या, दारू नको. बंदीची खूण त्यांनी आपणहून मिरवायला घेतली. दारू आणि अमली पदार्थांपासून दूर राहणाऱ्या ‘स्ट्रेट एज’ तरुणांची ती पुढे जगभर ओळख झाली.

पहिल्या तबकडीचे पैसे परत आले की पुढची, असा डिस्कॉर्डचा बेत होता. परंतु हेन्री गारफिल्डला (पुढे हेन्री रोलिन्स म्हणून गाजलेला) तेवढा धीर कुठला! आइस्क्रीमच्या दुकानात नोकरी करणाऱ्या या पोरानं आपल्या ‘एसओए’ बँडच्या तबकडीचा खर्च स्वतः उचलला आणि १९८१च्याच मार्चमध्ये ती आली.

हाताच्या कामाला एक मर्यादा असते आणि ती लवकरच आली. मागणी वाढली, वितरकांकडचे पैसे मात्र उशिरा येत. आधीची तबकडी पुन्हा काढावी की नवी, हा प्रश्न दर वेळी उभा. अखेर लंडनच्या सदर्न स्टुडिओचे जॉन लोडर मदतीला आले. ‘क्रास’ या बँडचे हे ध्वनिमुद्रक. ज्या पाकिटांवर याहून जास्त पैसे देऊ नका असं दुकानदाराला डावलून थेट गिऱ्हाइकाला सांगितलेलं असे, ती क्रासचीच. तबकड्या आणि पाकिटं बनवण्याचं काम लोडर यांच्या व्यवस्थेनं होऊ लागलं आणि कात्री बाजूला पडली. याला तडजोड म्हणून नाक मुरडणारे आहेत. मला ते पटत नाही. कात्री हे धोरण कधीच नव्हतं, स्वस्त तबकडी हे होतं.

हातानं घडवलेल्या त्या पहिल्या प्रतींना आज संग्राहक मूळ किमतीच्या कैक पट मोजतात. गाण्यांना मात्र ती टंचाई लागू झाली नाही. १९८४ सालीच डिस्कॉर्डनं चार जुन्या सात इंची तबकड्या एका बारा इंची तबकडीवर एकत्र आणल्या. त्यांत टीन आयडल्सही होते आणि एसओएही. तिचं नावही तेवढंच सरळ आहे: बारा इंचीवर चार जुन्या सात इंची.