युरोप ट्रिपसाठी न्यूट्रल रंगांचे कपडे: अहमदपूरहून निघताना बॅगेत नेमकं काय भरायचं?

मे महिन्यात अहमदपूरमध्ये दुपारी बाराला रस्त्यावर माणूस दिसत नाही. पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो आणि घरात पंखाही गरम हवा फेकत असतो. अशा वेळी कोणी स्वेटर शोधायला बाजारात गेलं, तर दुकानदार आधी हसणारच.

पण शाळांना सुट्ट्या याच दिवसांत असतात. त्यामुळे मराठवाड्यातून युरोपला जाणारी बरीच कुटुंबं मे-जूनमध्येच निघतात. चाळीस अंशांतून निघालेलं हे कुटुंब पॅरिसला पोहोचतं तेव्हा दुपारचं तापमान असतं वीस-बावीसच्या आसपास. चार दिवसांनी तेच लोक स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊयोखला, म्हणजे ३,४५४ मीटर उंचीवर, बर्फात उभे असतात. आणि शेवटी रोममध्ये उतरल्यावर पुन्हा घाम फुटतो. एकाच बॅगेत हे तिन्ही ऋतू बसवायचे असतात. न्यूट्रल रंगांची सगळी चर्चा इथून सुरू होते. इन्स्टाग्रामवर ती फॅशन म्हणून दिसत असली, तरी तिच्या मुळाशी बॅगेचं वजन आहे.

न्यूट्रल म्हणजे नक्की कोणते रंग?

आपल्याकडे या रंगांना आधीपासून नावं आहेत. मोतिया, बदामी, बिस्किटी, करडा, राखाडी, तपकिरी, मातकट, खाकी. त्यात काळा, पांढरा आणि गडद निळा धरा. शेवाळी रंगही बरेच जण यातच मोजतात. या रंगांचं वैशिष्ट्य एवढंच, की ते एकमेकांशी भांडत नाहीत. राणी रंगाच्या कुर्त्यावर काय घालावं याचा विचार करावा लागतो, राखाडी पँटवर काय घालावं याचा करावा लागत नाही.

गंमत म्हणजे ‘बेज’ हा शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा जुना अर्थ आहे न रंगवलेली, मेंढीच्या अंगावर असते तशीच लोकर. म्हणजे आपलं घोंगडंच की! मांजरपाट किंवा न धुतलेलं कोरं कापडही याच घराण्यातलं. ‘खाकी’ तर आपल्याच उपखंडातून जगभर गेला. ‘खाक’ म्हणजे धूळ किंवा माती. १८४६ मध्ये उभारलेल्या ब्रिटिश ‘कोअर ऑफ गाइड्स’ या पलटणीने धुळीच्या रंगाचे कपडे वापरायला सुरुवात केली आणि पुढे तो रंग सैन्यांचा झाला. त्यामुळे बेज आणि खाकी युरोपातून शिकायचे रंग आहेत, असं समजायचं कारण नाही.

कमी कपड्यांत जास्त जोड्या

लंडनमध्ये कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी १९७० च्या दशकात ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ ही कल्पना मांडली. १९८५ मध्ये अमेरिकन डिझायनर डॉना कॅरन यांनी सात कपड्यांवर आधारलेलं कलेक्शन आणलं आणि ही कल्पना गाजली. हिशोब सोपा आहे. चार टॉप, तीन पँट आणि वरून घालायचे दोन थर, हे सगळं एकमेकांवर जुळणारं असेल तर चार गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे चोवीस जोड्या होतात. नऊ कपडे आणि चोवीस जोड्या. रंग जुळत नसतील तर त्याच नऊ कपड्यांतून पाच-सहा जोड्याही धड निघत नाहीत.

दहा-बारा दिवसांच्या मे-जूनच्या ट्रिपसाठी एक नमुना सांगतो. एक मोतिया शर्ट, एक पांढरा टी-शर्ट, एक गडद निळा टॉप आणि एक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. खाली एक कोळशाच्या रंगाची पँट, एक गडद निळी जीन्स आणि एक बिस्किटी सुती पँट. वर एक राखाडी स्वेटर आणि पावसाला दाद न देणारं खाकी किंवा काळं जाकीट. आतून घालायचा थर्मलचा एक जोड फक्त बर्फाच्या दिवसासाठी. बस्स. डिसेंबरची ट्रिप असेल तर रंग हेच ठेवा, थर मात्र वाढवा. तेव्हा लांब कोट लागतोच, आणि तो काळा किंवा उंटाच्या रंगाचा घेतला तर फोटोंत रोज तोच दिसला तरी खटकत नाही.

पँट विकत घेण्याआधी आपल्या टेलरचा विचार करा. टेरीवूलचं कोळशाच्या रंगाचं कापड घेऊन मापात शिवलेली पँट ब्रँडेड पँटपेक्षा बरेचदा जास्त चांगली बसते. लवकर वाळते, चुरगळत नाही आणि पैसे वाचतात. युरोपातल्या कित्येक हॉटेलांच्या खोलीत इस्त्री नसते, हे लक्षात ठेवून कापड निवडा.

स्वेटरचं मात्र आधीच बघावं लागतं. ट्रिप मेमध्ये असेल तर खरेदी डिसेंबर-जानेवारीत उरका. हिवाळ्यात मोठ्या शहरांत तिबेटी विक्रेत्यांचे स्टॉल लागतात, तिथे साधे राखाडी-काळे स्वेटर सहज मिळतात. मे महिन्यात लातूर-नांदेडला फिरून जे मिळेल ते घ्यावं लागतं, आणि मग फिरोजी जाकिटावर काहीच जुळत नाही.

आपल्या त्वचेला कोणता बेज?

इथे सोशल मीडियावरचे रेडीमेड सल्ले फसतात. गोऱ्या मॉडेलच्या अंगावर सुंदर दिसणारा फिकट बेज आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर चेहरा उतरल्यासारखा दाखवू शकतो. कापडाचा रंग त्वचेच्या रंगाच्या फार जवळ गेला की असं होतं. त्यावर साधा उपाय म्हणजे बिस्किटी आणि बदामी कमरेखाली ठेवा. चेहऱ्याजवळ मोतिया, पांढरा, गडद निळा, कोळसा किंवा दाट तपकिरी यांपैकी काहीतरी असू द्या. सावळ्या रंगावर मोतिया शर्ट जितका खुलतो, तितका फार कमी रंगांवर खुलतो.

दुकानात ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका. कापड घेऊन दारापर्यंत या आणि उन्हात हनुवटीखाली धरून बघा. दुकानदाराला याची सवय असते.

आणखी एक छोटी गोष्ट. शेंगेन व्हिसाचा फोटो फिकट पार्श्वभूमीवर काढायचा असतो. त्या दिवशी पांढरा शर्ट घालून गेलात तर खांदे मागच्या भिंतीत विरघळतात. गडद निळा घाला. हाच नियम बर्फातल्या फोटोंनाही लागू पडतो.

आईला हे रंग चालतील का?

खरा पेच इथे आहे. मुलगी इन्स्टाग्राम बघून यादी बनवते आणि आई म्हणते, “एवढा पैसा खर्च करून जायचं आणि पांढरंफटक नेसायचं?” आपल्याकडे फिका रंग म्हणजे दुःखाचा आणि काळा म्हणजे अशुभ, असं पिढ्यान्‌पिढ्या मनात बसलेलं आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य सरकारने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. इतक्या अलीकडे असा ठराव करावा लागला, यावरून रंगांचा हा हिशोब किती खोलवर आहे ते कळतं. ज्या आजीला आयुष्यभर फिक्या साड्या नेसायला भाग पाडलं गेलं, तिच्यासाठी ‘न्यूट्रल’ ही स्टाइल नाही. तिला आयफेल टॉवरसमोर लालभडक साडी नेसायची असेल तर तीच बॅगेत आधी भरा.

काळ्याचं तसं नाही. संक्रांतीला आपण हौसेने काळी साडी नेसतो, कारण काळा रंग उष्णता धरून ठेवतो आणि तो सण थंडीत येतो. हे कारण सांगितलं की बहुतेक आया काळं जाकीट घालायला तयार होतात. शिवाय गळ्यातले काळे मणी तसेही कशावरही जातात!

ज्या बायका साडीच नेसतात त्यांनी ट्रिपसाठी पंजाबी ड्रेस घ्यावाच, असं नाही. क्रेप किंवा जॉर्जेटची, बारीक काठाची, राखाडी किंवा कॉफी रंगाची साडी हलकी असते आणि रात्री धुतली तर सकाळी वाळते. सुती साडीला स्टार्च आणि इस्त्री लागते, ती घरीच राहू द्या. ब्लाउजऐवजी काळा, बंद गळ्याचा, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, आत परकराखाली लेगिंग आणि पायात बूट. साडी मात्र घोट्याच्या थोडी वर नेसावी. रोम आणि प्रागचे दगडी रस्ते आणि सरकते जिने, दोन्हीकडे काठ अडकण्याची भीती असते.

पुरुषांचं सोपं आहे. मराठवाड्यात पांढरा नेहरूशर्ट आणि खादी कुणाच्या कपाटात नाही? राष्ट्रध्वज जिथे तयार होतात, त्या नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं नाव इथे घराघरांत माहीत आहे. जाडसर कोऱ्या खादीचा शर्ट रोमच्या उन्हात उत्तम. फक्त थंड आणि ओल्या दिवशी तो घालू नका, कारण सुती कापड भिजलं की अंगाला चिकटतं आणि ऊब राहत नाही.

एक रंग तरी हवाच

सगळं कुटुंब बेजमध्ये असण्याचा एक तोटा कोणी सांगत नाही. गर्दीत माणूस सापडत नाही. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात राखाडी जाकिटातले आजोबा हरवले, तर शोधणार कसे? तिथेही अर्धी गर्दी त्याच रंगात असते. लहान मुलं आणि सत्तरीपुढची माणसं यांच्या अंगावर लांबून दिसेल असं काहीतरी ठेवा. झेंडूच्या रंगाची टोपी चालेल, लाल मफलर चालेल.

मोठ्यांसाठी हे काम ओढणी किंवा शाल करू शकते. छत्रपती संभाजीनगरची हिमरू शाल रेशीम आणि सूत एकत्र विणून बनवतात. अंगाला हलकी, घडी छोटी. राखाडी स्वेटरवर ती टाकली की कालचाच वेश आज वेगळा दिसतो. शिवाय व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. स्लीव्हलेस घातलं असेल तर तिथे ती शाल कामाला येते.

बुटांबाबत एवढंच, की पांढरे स्नीकर सगळ्यावर जातात, पण नवे कोरे बूट घालून विमानात चढू नका. आधी दोन आठवडे ते घालून रोज चाला. पायाला फोड आला की लूव्हरमधली मोनालिसाही आनंद देत नाही.

आणि हळदीचा डाग?

फिक्या कपड्यांचा सर्वात मोठा शत्रू आपल्याच पिशवीत असतो. बसमध्ये दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याचा डबा उघडला की बिस्किटी पँटवर काहीतरी सांडणारच. त्यामुळे प्रवासाच्या लांब दिवशी खाली गडद रंग घाला.

तरीही मोतिया शर्टवर डाग पडलाच, तर साबण लावल्यावर तो एकदम लाल झालेला बघून घाबरू नका. हळदीतल्या कुर्कुमिनचा रंग साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाने बदलतो, तो साध्या पाण्याने धुतला की पुन्हा पिवळा होतो. राहिलेला पिवळेपणा ऊन खातं. ओला शर्ट हॉटेलच्या खिडकीशी उन्हात टाका. जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संध्याकाळी सहाला परत आलात तरी शर्टला बऱ्यापैकी ऊन मिळतं.