म्यान शिवणाऱ्याचे नाव

पोलादपूरच्या बाजारात माझे वडील चामड्याचे काम करीत. रापी, आरी आणि कातडे भिजविण्याची कुंडी एवढीच आमची इस्टेट. एकदा त्यांच्याकडे पिस्तुलाचे चामडी घर दुरुस्तीला आले. झाकणाची वादी मुठीला अडत होती. वडिलांनी ती तिरकी घेतली आणि पिस्तूल सहज निघू लागले. पुढे तीच तिरकी वादी शहरातल्या एका दुकानदाराच्या मालावर, त्याच्या शिक्क्यासह, दिसली. मी चिडलो. वडील म्हणाले, "आपली मजुरी मिळाली ना?"

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधले पाहिजे, असे मला पदवीधर झाल्यावर वाटू लागले.

तलवार आणि पिस्तूल ज्या चामडी पट्ट्यात अडकवतात त्याला जगभर 'सॅम ब्राऊन' म्हणतात. हा हिंदुस्थानातल्या घोडदळाचा इंग्रज अधिकारी. १८५८ च्या लढाईत त्याचा डावा हात गेला. उरलेल्या एका हाताने तलवार उपसता यावी म्हणून खांद्यावरून आधार देणारा हा पट्टा. गरज त्याची, कल्पनाही त्याचीच समजू. पण कातडे कोणत्या अंगाने कापले म्हणजे भार पेलेल, हे आरी चालविणाऱ्यालाच कळते. त्याचे नाव पट्ट्याला लागले नाही. आपल्याकडे तरी निराळे काय आहे? तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ आमच्याच तालुक्यात. तलवार कोणाची हे आम्ही अभिमानाने सांगतो. म्यान कोणी शिवले, असा प्रश्न मी शिकविताना एकाही विद्यार्थ्याने विचारलेला नाही. खरे सांगायचे तर मीही विचारला नव्हता.

जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला मिरविल्या, तेव्हा कोल्हापूरचे नाव आधी घेतलेच नाही. ओरड झाली, मग कंपनीने प्रेरणा कबूल केली. डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन २००० जोड इथेच करवून घेण्याचे ठरले. हे चांगलेच झाले. परंतु श्रेय कोणाला मिळाले? २०१९ चे भौगोलिक मानांकन या दोन महामंडळांच्या नावे आहे. त्यात कारागिराला नाव नोंदविता येते, पण कायदा त्याला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणतो. ज्याच्या बापजाद्यांनी वस्तू घडविली तो वापरकर्ता! 'कापशी' हा घाटही गावाच्याच नावाने ओळखला जातो. गाव उरले, माणूस पुसला गेला.

इथे कोणी म्हणेल, महाडला बाबासाहेबांनी १९२७ साली मेलेली ढोरे ओढणे सोडा म्हणून सांगितले. तुम्ही त्याच कातड्याचे गोडवे काय गाता? आक्षेप खरा आहे. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळण्याच्या ठरावाला अनुमोदन दिले ते पां. ना. राजभोज यांनी, म्हणजे चर्मकार समाजातल्या माणसाने. मनूने लादलेला धंदा मला नको आहे. माझा मुलगा आरी धरणार नाही. पण सक्ती जातीची होती, अक्कल त्या माणसाची होती. धंदा सोडताना ती अक्कलही दुकानदाराच्या शिक्क्याखाली सोडून द्यायची काय?

म्हणून मी एक वही घातली आहे. महाड-पोलादपूरच्या वाड्यांतून विद्यार्थी हिंडतात आणि लिहून आणतात: वस्तू कोणती, कोणी काय बदल केला, साधारण कोणत्या साली. पहिली नोंद वडिलांच्या तिरक्या वादीची.

गेल्या पावसाळ्यात एका म्हाताऱ्याने आम्हांला कोयत्याचे चामडी म्यान दाखविले. तळाशी टाक्यांऐवजी कातड्याचीच घडी. पाणी साचत नाही, धारही शिवणीला लागत नाही. कल्पना त्यांचीच. सगळे सांगून झाल्यावर मी नाव लिहू लागलो तर त्यांनी माझा हात धरला. "मास्तर, तेवढं नका लिहू. नातू पुण्याला आडनाव बदलून राहतोय."

वहीत घडीचे चित्र आहे, मापे आहेत. नावाचा रकाना मी कोरा ठेवला आहे.