अटॅक्सिया-तेलांजिएक्टेसिया : मेंदूच्या चित्रणाचा इतिहास

निमस्तिष्काचा (लहान मेंदूचा) ऱ्हास, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर विस्फारलेल्या केशवाहिन्या आणि दुर्बल प्रतिरक्षा तंत्र ही प्रमुख लक्षणे असलेला विरळा आनुवंशिक विकार. सिलाबा व हेनर या चेक वैद्यांनी १९२६ मध्ये आणि देनीझ लुई-बार या बेल्जियन वैद्य महिलेने १९४१ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले होते. तथापि आजचे नाव एलेना बोडर व रॉबर्ट सेजविक या अमेरिकन वैद्यांनी १९५७-५८ च्या सुमारास रूढ केले. मरणोत्तर तपासणीत त्यांना निमस्तिष्कातील पुर्किन्ये कोशिका नष्ट झालेल्या दिसल्या व यौवनलोपी ग्रंथीही आढळली नाही. या मुलांना वारंवार होणाऱ्या फुप्फुसदाहाचा उलगडा त्यातून होऊ लागला.

जिवंत रुग्णाचा मेंदू पाहण्यासाठी त्या काळी डँडी यांची १९१९ ची पद्धत होती. कण्यातून द्रव काढून तेथे हवा भरावयाची व क्ष-किरण चित्र घ्यावयाचे. डोके असह्य दुखे. लहान मुलांना तर हा छळच होता. १९७१ मध्ये हौन्सफील्ड यांच्या सी. टी. यंत्राने लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे चित्र घेतले आणि हा त्रास संपला. परंतु नेमक्या याच रोग्यांबाबत एक अडचण आधीच पुढे आली होती. अर्बुदासाठी किरणोपचार दिलेल्या अशा रुग्णांत अत्यंत तीव्र प्रतिक्रिया होते, हे १९६७ पासून नोंदले जात होते आणि १९७५ मध्ये त्यांच्या कोशिकांची किरण-संवेदनशीलता प्रयोगशाळेत सिद्ध झाली. याचे मूळ १९९५ मध्ये सापडले. अकराव्या गुणसूत्रावरील एटीएम जीन सदोष असल्याने डीएनएच्या दोन्ही धाग्यांतील तुटी नीट सांधल्या जात नाहीत. म्हणून रोग दाखविणारे क्ष-किरण रोग्यालाच अपायकारक ठरतात. साहजिकच १९८० नंतर प्रचारात आलेले किरणविरहित चुंबकीय अनुस्पंदन चित्रण (एम. आर. आय.) येथे श्रेयस्कर ठरले.

माता व पिता दोघेही सदोष जीनचे वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा विकार होण्याची शक्यता चारांत एक असते. नात्यातील विवाहाने असा योग वाढतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची महाराष्ट्रातील रीत इरावती कर्वे यांनी १९५३ मधील आपल्या इंग्रजी ग्रंथात नोंदली आहे. कोल्हापूर व लगतच्या सीमाभागात ती परिचित आहे. चालू लागल्यावर झोकांड्या खाणारे मूल जन्मजात मेंदूच्या पक्षाघाताचे समजले जाण्याचा संभव असतो, आणि सी. टी. यंत्र जवळ व स्वस्त असल्याने प्रथम तेच वापरले जाते. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या, पूर्वीच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात आलेल्या मुलाबाबतही हा विवेक आवश्यक आहे. प्रतिरक्षेच्या विशेष चाचण्यांसाठी मुंबईत राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे.

प्रारंभीच्या वर्षांत निमस्तिष्क चित्रात निर्दोष दिसू शकते. डोळ्यांतील लाली बहुधा तीन ते सहा वर्षांच्या वयात उमटते. रक्तातील आल्फा-फीटोप्रोटीन मात्र बहुतेक रुग्णांत वाढलेले असते, हे १९७२ मध्ये दिसून आले. ही चाचणी साधी असून तिला कोणतेही किरण लागत नाहीत.