माळवदाची घरे

मराठवाड्याच्या दक्षिणेस, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या लातूर आणि धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) या जिल्ह्यांत घराचे आकारमान खणांत सांगण्याची रीत होती. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण. लाकडी खांबांवर तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे हे माळवद. चिखलात रचलेल्या दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती उन्हाची काहिली बाहेरच थोपवीत. दाराशी ढाळज, भिंतीत देवळ्या, धान्याला बळद, अशी ही व्यवस्था शेतीच्या जीवनातूनच घडली होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे दगावली. बहुतेकांचा घात घरांनीच केला. साहजिकच दगडमातीच्या घराविषयी लोकांच्या मनात धास्ती बसली. परंतु दोष नेमका कोठे होता? भिंतींचे आतले व बाहेरचे थर एकमेकांत गुंतविणारे लांब दगड क्वचितच घातलेले असत. गळती थांबविण्यासाठी पावसाळ्यापूर्वी वर्षानुवर्षे नवी माती पडे व छताचा भार वाढत जाई. याउलट, खांब-तुळयांचा सांगाडा जेथे भक्कम होता, तेथे भिंती ढासळूनही काही माळवदे उभी राहिली. म्हणजे त्या बांधणीत मृत्यूचे कारण होते, तसा बचावाचा मार्गही होता.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. खणाची जागा चौरस फुटाने घेतली. सुरक्षितता आली; मात्र बळद, ढाळज आणि त्यांभोवतीचा व्यवहार मागे राहिला.

युक्रेनमध्ये कीवजवळील पिरोहिव येथे १९६९ साली स्थापन झालेल्या खुल्या संग्रहालयात निरनिराळ्या प्रांतांतील जुनी ग्रामीण घरे आणून उभी केली आहेत. माळवद असे हलविता येणार नाही. भिंत उतरली की तिचा चिखल मातीत मिळतो. त्याची मोजमापे, जोडणी आणि शब्द टिपून ठेवणे एवढेच शक्य आहे. मात्र ही नोंद केवळ स्मरणरंजनासाठी नको. गारव्याची युक्ती आणि भिंतीतला दोष या दोहोंना तिच्यात सारखेच स्थान हवे. अन्यथा जुने घर एकतर पूजेचा विषय होईल, नाहीतर आरोपी. आणि दोन्ही प्रकारे त्याच्यापासून शिकणे राहून जाईल.