मदतीची हाक : तारेवरचा शेजारधर्म

१/ प्रोग्रॅम अडला की आज अनोळखी माणसाला ऑनलाइन प्रश्न विचारता येतो आणि तो मोबदल्याविना उत्तरही देतो. हा शेजारधर्म आला कोठून? त्याचे एक मूळ एका कंपनीच्या नकारात सापडते. 🧵

२/ १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे एटी अँड टी या अमेरिकी दूरध्वनी कंपनीस दळणवळणाबाहेरच्या धंद्यात उतरण्यास मज्जाव झाला. परिणामी तिच्या बेल लॅब्जमध्ये घडलेली युनिक्स प्रणाली विद्यापीठांना अल्प दरात मिळे. पण साहाय्य नाही, चुकांच्या दुरुस्तीची हमी नाही. ज्याचे त्याने निस्तरावे.

३/ अडलेल्यांना आधार उरला तो एकमेकांचाच. अर्पानेट हे जाळे होते. परंतु त्याचे दार मुख्यत्वे संरक्षण खात्याशी संबंधित संशोधन करणाऱ्या संस्थांनाच उघडे होते. ड्यूक विद्यापीठ त्यांत नव्हते.

४/ १९७९ मध्ये ड्यूकच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी युझनेटची कल्पना मांडली. शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन यांनी पहिला प्रोग्रॅम लिहिला. एक संगणक दुसऱ्यास साधा फोन लावून संदेशांचा गठ्ठा देई. दुसरा तो तिसऱ्याकडे पोहोचवी.

५/ १९८० च्या निमंत्रणपत्रात भाकीत होते, की पहिले संदेश बहुधा दुरुस्त्यांचे, तक्रारींचे आणि मदतीच्या हाकांचे असतील. अंदाज चुकला तो आकड्याचा. दिवसाला मोजके संदेश गृहीत धरून रचलेला प्रोग्रॅम लवकरच अपुरा पडला.

६/ भारतातही हीच युक्ती उपयोगी पडली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ प्रकल्पातील आरंभीची ईमेल युझनेटच्याच यूयूसीपी पद्धतीने, फोनच्या तारेवरून धावली. मुंबईतील एनसीएसटी आणि आयआयटी या तिच्या पहिल्या ठाण्यांपैकी होत्या.

७/ माणसे वाढली तसे तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले. उत्तर देणाऱ्यांचा वेळ मात्र तेवढाच राहिला. म्हणून सी भाषेच्या गटात स्टीव्ह समिट यांनी १९९० पासून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे संकलित केली. १९९५ मध्ये त्यांचे पुस्तकही झाले.

८/ दर सप्टेंबरला नवे विद्यार्थी येत, चुकत आणि जुन्यांकडून रीत शिकत. १९९३ नंतर व्यापारी सेवांचे ग्राहक बारमाही येऊ लागले. शिकवणारे कमी, शिकणारे अगणित. जुन्यांनी या काळाला नाव दिले ‘न संपणारा सप्टेंबर’.

९/ २००८ मध्ये आलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोने वाचकांच्या मतांवर उत्तरांचा क्रम लावून याच पेचावर उपाय शोधला. २०१० मध्ये ड्यूकने आपला युझनेट सर्व्हर बंद केला. समिट यांची प्रश्नोत्तरे मात्र आजही ऑनलाइन आहेत. यंत्र थकले; कोणीतरी सवड काढून दिलेले उत्तर टिकले.